विहीणबाई, जिंजर तुमचंच

विहीणबाई, आधी एक सांगून टाकते. मी अजून रडलेले नाही.

तुम्ही गेल्याला आज बारा दिवस झाले. पद्मजाचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. ती म्हणाली, "आई, अम्मा गेली." मी म्हटलं, "बरं." सुनेची आई गेल्याचं कळल्यावर 'बरं' म्हणणारी सासू साऱ्या सातारा जिल्ह्यात मी एकटीच असेन. फोन ठेवला आणि राहिलेले मटार सोलून संपवले. किडके वेगळे काढले. टरफलं शेजारच्यांच्या गाईला घालून आले. यांनी विचारलं, "कुणाचा फोन होता?" तेव्हा सांगितलं. हे मटकन खाली बसले. मी उभीच. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की लगेच निघालो तर सांगलीची साडेदहाची एसटी मिळेल.

तेव्हापासून असंच चाललंय. जेवते, पेपर वाचते, शब्दकोडं सोडवते. दात काढताना डॉक्टर भुलीचं इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. जीभ लावून बघावी तर स्वतःचा गाल स्वतःचा वाटत नाही.

तर या बधिर तोंडानं, राहिलेलं सांगते. 'जिंजर' या इंग्रजी शब्दावरून आपल्या नातीच्या, अन्वीच्या बारशाला, चारचौघांत, आपला जो वाद झाला होता, त्यात तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. आणि हे मला गेली पाच वर्षं ठाऊक होतं.

झालं. दोन वाक्यांचं काम. पाच वर्षांत जमलं नाही.

कुणी तिसरं हे वाचत असेल तर म्हणेल, दोन म्हाताऱ्यांना भांडायला दुसरं काही मिळालं नाही का? मिळालं असतं की. मानपान होते, साड्यांचे रंग होते, लग्नाचा हॉल साताऱ्याला की सांगलीला हे होतं. पण आपली सोयरीकच आल्यापासून, म्हणजे या जिंजरपासूनच, सुरू झाली, त्याला आपण दोघी तरी काय करणार?

लेक म्हणाला, मुलगी सांगलीची आहे, जैनांची आहे, घरी कानडी बोलतात. मी म्हटलं, बोलू देत. बोलणी करायला निघालो तेव्हा यांचं चाललं, पेढे काय कुणीही नेतं, आपण आपल्या रानातलं काहीतरी नेऊ. कोरेगावकडच्या आमच्या रानात नुकतं आलं काढलेलं. यांनी स्वतः बसून पाच किलो निवडलं, हाताच्या पंजाएवढ्या गड्ड्या धुऊन टोपलीत रचल्या, वर शेवंतीची फुलं ठेवली. म्हणजे जमिनीखालचं काही न खाणाऱ्या घरी, मुलगी मागायला, आम्ही टोपलीभर कंद घेऊन गेलो. पद्मजानं लेकाला बजावलं होतं. लेक आम्हाला सांगायचं विसरला.

तुमच्या सासूबाईंनी टोपली बघितली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, म्हातारी भारावली. मी वर आणि म्हटलं, "अस्सल सातारी आहे हो, चहात घालून बघा." मग तुम्ही पुढं झालात. टोपलीला हळदकुंकू लावलंत, उचललीत आणि परसात घेऊन गेलात. आम्ही पोहे खाल्ले. पोह्यांत कांदा नव्हता, बटाटा नव्हता, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. हात धुवायला परसात आले तर तुम्ही भिंतीकडेला ओणव्या, हातात खुरपं, आणि सगळी टोपली मातीत गेलेली.

"अगंबाई, हे काय केलंत?"

"आमच्यात खाईत न्हाईत ओ. कंद हाय, जीव असतोय त्यात. पर तुमी एवढं मायेनं आणलंसा, टाकायचं तरी कसं? लावलं आपलं. जगंल."

एसटीत यांनी डोक्याला हात लावला. "पाच किलो खायचं आलं लावलं बाईनं. मोड बघितला नाही, हंगाम बघितला नाही. भर थंडीत. कुजणार सगळं." कुजलं नाही. जूनमध्ये कोंब वर आले. आणि नंतर तुम्ही ते कधी काढलंच नाहीत. दर थंडीत पानं पिवळी पडायची, वाळायची, दर पावसाळ्यात परत हिरवं. आल्याची शेती करणारा माझा नवरा सांगलीला आला की चप्पल काढायच्या आधी परसात जाऊन ते बघायचा आणि मान हलवायचा. "न काढलेलं आलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," म्हणायचा. जशी काही तुम्ही वाघीण पाळली होतीत.

आता माझ्यावर येते. तुम्ही मला 'मास्तरीणबाई' म्हणायचात, त्यात टोमणा किती आणि मान किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पंचवीस वर्षांची मी तुम्ही बघितलेली नाही, तेच बरं. साताऱ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. निऱ्यांना पिना, बांगड्यांच्या वर घड्याळ, टेबलावर रंगीत खडूंची पेटी, आणि डोक्यात हवा. पोरं इंग्रजीला भ्यायची. त्यांचं भय घालवायला मी फळ्यावर शब्दांच्या वंशावळी काढायची, देशमुख-पाटलांच्या काढतात तशा. खाली जिंजर. त्याच्या वर त्याचा बाप, जुन्या इंग्रजीतला. आजा लॅटिन, झिंजिबेर. पणजा ग्रीक, झिंगिबेरिस. आणि सगळ्यांत वर, लाल खडूनं, आपला शृंगवेर. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे अंग. शिंगासारखं वेडंवाकडं अंग ज्याचं ते आलं. मग खडू टेबलावर आपटून म्हणायची, "बघा! साहेबाच्या बिस्किटातलं जिंजरसुद्धा आपल्याच घरचं!" पोरं बाकं बडवायची. मुख्याध्यापक खिडकीतून डोकावून जायचे. मला वाटायचं, इंग्रजी राज्य आत्ता माझ्या वर्गातून बाहेर पडतंय.

पस्तीस वर्षं हाच धडा. त्यातलं एक अक्षर मी कधी पडताळून बघितलं नव्हतं. माझ्या मास्तरांनी मला सांगितलं, मी पुढं सांगितलं. जगातल्या शब्दांची कुळं काढत बसलेल्या त्या बाईनं स्वतःची माहिती कुठून आली ते एकदाही विचारलं नाही. आज ती मला भेटली तर मी तिला पिनांसकट बाकावर उभी करीन.

मग अन्वीचं बारसं. तुमच्या घरी, तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या हातचा चहा. आमच्याकडची कुणीतरी पाहुणी नाक मुरडून म्हणाली, "परसात एवढं आलं आहे आणि चहात टाकायला नाही होय?" मला तेवढं निमित्त पुरलं. बोट वर करून मी सुरू झाले. जिंजर, झिंजिबेर, शृंगवेर, शिंग, अंग. बायका मान डोलवत होत्या. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन माझ्यासमोर उभ्या होतात. म्हणालात,

"शिंग कुठलं ओ त्यात? बेरु असंल ते."

"काय?"

"बेरु. झाडाच्या मुळाला आमच्यात बेरु म्हणत्यात. मुळी हाय ती. तर माणूस मुळीच म्हणणार की. शिंगाला कशाला हात लावंल?"

मी हसले. शेवटच्या बाकावरच्या पोरीकडं बघून हसावं तशी. "बरं, मग तुमच्या कानडीत आल्याला काय म्हणतात ते सांगा."

"शुंठी. ओल्याला हसी शुंठी."

"शुंठी! म्हणजे सुंठच की! ती तर संस्कृत. म्हणजे विहीणबाई, तुमच्याकडचं आलंसुद्धा आमच्याकडूनच गेलेलं!"

हॉलभर हशा पिकला. तुम्हीही हसलात आणि ट्रे घेऊन पुढं गेलात. इथं थांबले असते तर थट्टा म्हणून सोडून देता आलं असतं. पण जिंकल्यावर थांबायची मला सवय नव्हती. थोड्या वेळानं तुम्ही पाळण्याशी बसून अन्वीला झोका देत कानडीत काहीतरी गुणगुणत होतात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "विहीणबाई, पोरीच्या कानावर आत्तापासून इतक्या भाषा नका घालू. आधी मराठी शुद्ध येऊ दे. इंग्रजीचं मी बघते. त्यात कानडीचा घोळ कशाला?"

तुम्ही "बरं" म्हणालात. झोका थांबला नाही, आवाज थांबला. मग मराठीत म्हणालात, "झोप गं बाळा."

त्यानंतर सोळा वर्षांत तुम्ही त्या पोरीशी कानडीत बोललेलं मी एकदाही ऐकलं नाही. सांगलीला आले की मराठी. फोनवर मराठी. तुमचं ते गोड, पाय ओढत चालणारं मराठी. मला आधी वाटलं, बरं झालं, ऐकलं बाईनं. मग पुष्कळ वर्षांनी कुठंतरी वाचलं की लहान मुलं तीन-तीन भाषा खेळता खेळता शिकतात, घोळ-बिळ काही होत नाही. वाचलं आणि पान उलटलं. पानं उलटण्यात मी पटाईत आहे.

आता पाच वर्षांपूर्वीचं. अन्वी अकरा वर्षांची, सुट्टीला सांगलीहून साताऱ्याला आलेली. शाळेनं प्रकल्प दिला होता, एखाद्या रोजच्या इंग्रजी शब्दाची वंशावळ शोधा. पोरगी म्हणाली, "आजी, जिंजर घेऊ? तुझ्याकडं पण आहे, अज्जीकडं पण आहे." अज्जी म्हणजे तुम्ही. मला काय झालं सांगू. जुना फळा, लाल खडू, सगळं डोळ्यांपुढं आलं. पण हल्लीच्या शाळांना पुरावे लागतात. म्हणून तिला घेऊन वाचनालयात गेले. शब्दांचे उगम देणारा एक जाडजूड इंग्रजी कोश काढायला लावला. ती गोष्टींच्या पुस्तकांकडं गेली. मी चष्मा लावला.

शृंगवेर होता. पण तो सगळ्यांत वर नव्हता. त्याच्याही वर आणखी एक ओळ होती. दक्षिणेतल्या जुन्या बोलीत 'इंजी' म्हणजे आलं आणि 'वेर' म्हणजे मूळ. शब्द तिकडून वर आला. संस्कृतवाल्यांना तो ओळखू येईना, म्हणून त्यांनी त्याला आपल्या साच्यात बसवला आणि त्यातून शिंग काढलं. शिंग मागाहून चिकटवलेलं. मूळ होतं ते मूळच.

मी ती ओळ तीनदा वाचली. तुमचा 'बेरु' त्या 'वेर'चा सख्खा भाऊ. तमिळ लोक आजही आल्याला इंजी म्हणतात. तुमच्या कानडीत शुंठी म्हणतात एवढ्यावर मी तुम्हाला हरवलं होतं. आणखी दोन पावलं खाली उतरून विचारायचं मला सुचलंच नव्हतं. सातवी शिकलेल्या बाईनं ट्रे धरून उभ्या उभ्या जे सांगितलं, ते त्या कोशात मोठमोठ्या पंडितांच्या हवाल्यानं, बारीक अक्षरांत छापलं होतं.

मी कोश मिटला. अन्वीला हाक मारली आणि म्हटलं, "जिंजरचं काही धड मिळत नाही गं. तू शुगर घे. साखर, शर्करा, सोपं आहे. आपल्याकडं कारखाने पण आहेत."

पोरीनं शुगर घेतलं. पुठ्ठ्यावर उसाची कांडी चिकटवली. शाळेत सगळ्यांनी वाहवा केली. तुम्ही फोनवर म्हणालात, "जिंजर घेणार म्हणत हुती की पोरगी?" मी म्हटलं, "बदललं." तुम्ही म्हणालात, "व्हय काय." बस्स. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं अकरा वर्षांच्या पोरीला फसवलं, कशासाठी, तर एका शब्दाचं कूळ विहिणीच्या दारात निघू नये म्हणून.

सांगायचं नव्हतं असं नाही. दर दिवाळीला, अन्वीच्या दहावीच्या निकालाला, सांगलीला निघाले की कराड सुटल्यावर वाक्य जुळवायला लागायची. आष्ट्यापर्यंत तयार व्हायचं. तुमच्या दारात तुम्ही "आलासा काय मास्तरीणबाई, या" म्हणायचात आणि ते कुठं जायचं कोण जाणे. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तर तुम्ही आठ दिवस साताऱ्याला येऊन राहिलात. स्वतःची भांडी बरोबर घेऊन. दिवस मावळायच्या आत स्वतःचं उरकून घ्यायचात आणि माझ्यासाठी वेगळं करायचात. मी म्हटलं, "चहात आलं नको, तुम्हाला हात लावायला लागेल." तर म्हणे, "खायाचं न्हाई एवढंच. किसायला काय झालं?" आणि किती घालायचं याचा काही अंदाज नसल्यामुळं तुम्ही अर्धी गड्डी किसून घातलीत. तो चहा घशाखाली उतरताना पट्टीच्या आत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही विचारलंत, "कडू झाला काय?" मी म्हटलं, "छान झालाय." सगळा प्यायले. तेव्हा सांगता आलं असतं. घरात आपण दोघीच होतो. डोळ्याला पट्टी होती, तुमचं तोंडसुद्धा बघावं लागलं नसतं.

का नाही सांगितलं, याचा बारा दिवस विचार करतेय. दुसरं काही करता येत नाही म्हणून. शब्दाचं कबूल करायला मला जड नव्हतं. पण शब्दाचं कबूल केलं की मागोमाग पाळणा आला असता. बेरु बरोबर, म्हटल्यावर कानडीचा घोळ म्हटले होते त्याचं काय? ती पोरगी दोन आज्यांची. एकीची भाषा मी उंबऱ्यावरच अडवली. ते मला म्हणता येत नव्हतं. म्हणून पहिलंही म्हटलं नाही.

शेवटचा फोन तुम्ही जायच्या आधी तीन आठवडे.

"आवं मास्तरीणबाई, आल्याची पानं पिवळी पडल्यात."

"दर थंडीत पडतात. काढायला झालं म्हणजे."

"काढायचं न्हाई."

"मग मला कशाला विचारता?"

"बोलायला काय तरी कारण लागतंय की."

आपण दोघी हसलो. आणि कशी कोण जाणे, मी म्हणून गेले, "विहीणबाई, भेटल्यावर तुम्हाला एक सांगायचंय."

"आत्ता सांगा की."

"फोनवर नको. तुमचं तोंड बघायचंय मला तेव्हा."

"चांगलं हाय का वाईट?"

"तुमच्यासाठी चांगलं, माझ्यासाठी वाईट."

"मग टिकंल," तुम्ही म्हणालात.

टिकलं. ऐकणारं राहिलं नाही.

काल तुमच्या घरी सगळे जमले होते. सतरंज्या घातल्या होत्या. एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलत होता. कोपऱ्यावरच्या घरातली बाई म्हणाली, ती बाळंतीण असताना तुम्ही महिनाभर तिचा पहिला पोरगा सांभाळलात. हे मला माहीतच नव्हतं. कुणी तुमच्या शेंगादाण्याच्या चटणीबद्दल बोललं. मग पद्मजानं माझ्याकडं बघितलं. पस्तीस वर्षं वर्गात बोललेली बाई, शोकसभेला दोन शब्द तर येतीलच. मी उठले.

मला भाषण सुचलं नाही. मी सरळ सांगितलं. जिंजर, इंजी, वेर, बेरु. मी म्हटलं, राजमतीबाई बरोबर होत्या, आणि मला पाच वर्षं माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. आणि त्यांच्याच घरात मी त्यांचं नातीशी कानडी बोलणं बंद केलं. एवढं बोलून उभी राहिले. बसायचं लक्षात आलं नाही.

कुणाला काही कळलं नाही, विहीणबाई. मागून एक जण कुजबुजला, "काय म्हणत्यात?" दुसरी म्हणाली, "धक्का बसलाय ओ बिचारीला." कुणीतरी मला पाण्याचा पेला दिला. साऱ्या खोलीत ज्या एका बाईला ते कळलं असतं, तिच्या फोटोसमोर मी पाणी प्यायले.

अन्वीला कळलं. ती माझ्याकडं बघत होती. "म्हणून मला शुगर घ्यायला लावलंस?"

"हो."

"मला सांगायचंस ना, आजी. मी सांगितलं असतं अज्जीला. तिला केवढं हसू आलं असतं."

ते हसू मी तुमच्या तोंडावर बघणार होते. ते मी त्या पोरीचंही घालवलं, हे बारा दिवसांत मला सुचलं नव्हतं.

तुमच्या थोरल्या बहीण, अथणीकडच्या कस्तुरीअक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नाही. त्यांनी पद्मजाला हात केला, ही बाई काय म्हणाली म्हणून. पद्मजा त्यांच्या कानाशी कानडीत सगळं सांगत गेली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त मधे एकदा 'बेरु' ऐकू आला. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता त्या मला काहीतरी ऐकवतील, आणि मी तयार होते. खरं तर वाट बघत होते. त्या गुडघ्यांवर हात देऊन उठल्या, माझ्यापुढं आल्या आणि म्हणाल्या,

"ऊट आयता?"

मी पद्मजाकडं बघितलं. तिच्या आधी अन्वी बोलली. "जेवलीस का, विचारतायत."

"तुला कसं कळलं?"

पद्मजानं मान खाली घातली. मग अन्वी म्हणाली, "अज्जी माझ्याशी कानडीतच बोलायची. पहिल्यापासून. तू आलीस की मराठी."

"मला कधी बोलली नाहीस?"

"अज्जी म्हणायची, मास्तरीणबाईंच्या म्होरं न्हाई बोलायचं. त्या लगेच परीक्षा घेत्यात."

घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या लेकालासुद्धा. सोळा वर्षं मी समजत होते की मी थांबवलं. आधी त्याचा तोरा मिरवला, मग त्याचं ओझं वाहिलं. आणि तुम्ही माझी पाठ फिरली की तिथूनच पुढं चालू करत होतात. विहीणबाई, मी तुमच्यापासून पाच वर्षं लपवलं म्हणून इथं ऊर बडवतेय. तुम्ही सोळा वर्षं लपवलंत आणि वर मला आल्याचा चहा पाजलात.

अक्का अजून उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मी अन्वीला विचारलं, "काय म्हणू?"

"आयतु म्हण. झालं म्हणजे."

मी म्हटलं, "आयतु." सकाळपासून पोटात काही नव्हतं. अक्कांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, माझं मनगट धरलं आणि आत नेऊन पानावर बसवलं. उन्हं उतरायला लागली होती, तुमच्यात दिवस असतानाच जेवतात, सगळ्यांची घाई चालली होती. अन्वी शेजारी येऊन बसली. अक्का वाढत होत्या आणि ती मला एकेक नाव सांगत होती. पल्ल्या म्हणजे भाजी. सारु म्हणजे आमटी. अन्न म्हणजे भात. 'ते तर संस्कृत' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. ती सांगेल तसं मी म्हणत गेले. चुकले की ती परत म्हणायला लावायची, अगदी मास्तरणीसारखी. अक्का तोंडावर पदर धरून हसत होत्या. चव कशालाच नव्हती, पण मी खात होते.

मग अन्वीनं तांब्या पुढं केला. पाण्याला नीरु म्हणतात. ते मला दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.